सहा वर्षांच्या आतले नागरिक

जूनच्या अखेरच्या आठवड्यात, उन्हाची काहिली ओसरल्यावर, विदर्भातील शाळा उघडतात तेव्हा पहिलीच्या वर्गात प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या बालकांचे गुलाबाचे फूल देऊन स्वागत करण्याचा रिवाज अलीकडे सर्वत्र रूढ झाला आहे. फाटकाला तोरण लागते, अधिकारी येतात, पाठ्यपुस्तके वाटली जातात, आणि त्या मुलाच्या शिक्षणाचा प्रारंभ त्या तारखेस झाला अशी शासनाच्या दप्तरी नोंद होते. या सोहळ्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु ती नोंद खरी आहे काय, हे एकदा तपासून पाहावयास हवे. त्याच आठवड्यात धरमपेठेतील किंवा रामदासपेठेतील एखाद्या शाळेत पहिलीत जाणारे मूल तीन वर्षे शिकून आलेले असते; गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेणे, चार मुलांत आपली पाळी येईपर्यंत थांबणे, अनोळखी मोठ्या माणसास आपली गरज शब्दांत सांगणे, या गोष्टी त्याच्या अंगवळणी पडलेल्या असतात. उलट भांडेवाडीच्या वा कळमन्याच्या एखाद्या वस्तीतून आलेल्या ज्या मुलाची तीच तीन वर्षे थोरल्या बहिणीच्या कडेवर, बांधकामावरच्या वाळूच्या ढिगाशेजारी किंवा आई परत येईपर्यंत बाहेरून कडी घातलेल्या खोलीत गेली, त्याच्यापुढे फळ्यावर पहिले अक्षर उमटते तेव्हा ते मूल केवळ अक्षराला नव्हे, तर बसणे, ऐकणे आणि बोलणे या सगळ्यालाच नवखे असते. या दोघांमधले अंतर गुलाबाच्या फुलाने मिटत नाही. पुढील दहा वर्षे ते बहुधा वाढतच जाते, आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी आपण त्यास हुशारी असे नाव देऊन मोकळे होतो.

श्रीमंताच्या मुलाला बालशाळा मिळाली नाही तरी त्याच्या घरात पुस्तक असते, बोलायला सवड असलेले आजी-आजोबा असतात, प्रश्न विचारला तर उत्तर देणारा कोणीतरी असतो. म्हणून सहा वर्षांपूर्वीच्या शिक्षणाची खरी निकड ज्याच्या घरी यांपैकी काहीच नाही त्यालाच असते. आणि मला आग्रहाने म्हणावयाचे आहे ते हे की, नागपुरातली अंगणवाडी जोवर चार तासांची, एका सेविकेची आणि मुख्यत्वे आहारवाटपाची राहील, तोवर तिच्यापासून मिळू शकणारा लाभ ना मुलाच्या पदरात पूर्ण पडेल, ना त्याच्या आईच्या, ना त्या थोरल्या बहिणीच्या.

या विषयात कायद्याने आपली थोडी फसगत केली आहे. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंचेचाळिसाव्या अनुच्छेदात चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याची तजवीज दहा वर्षांच्या आत करण्यास राज्यसंस्थेला सांगितले होते; वयाची वरची मर्यादा त्यात होती, खालची नव्हती. घटना परिषदेत २३ नोव्हेंबर १९४८ रोजी या कलमातील शिक्षण केवळ प्राथमिक शिक्षणापुरते मर्यादित करावे अशी सूचना आली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्याची घटनेनेच मनाई केली असेल, तर त्या वयापर्यंत ते मूल कोणत्या ना कोणत्या शिक्षणसंस्थेत गुंतलेले असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो प्रश्न अर्थातच मोठ्या मुलांच्या संदर्भात उपस्थित झाला होता. पण मूल जेथे असावयास हवे तेथे ते असेल याची जबाबदारी राज्याने पत्करावी, हे त्यामागचे तत्त्व लहान मुलांनाही तितकेच लागू पडते. पुढे २००२ साली शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, त्याचा आपण गौरव करतो तो रास्तच आहे. परंतु त्याच दुरुस्तीने तो हक्क सहा ते चौदा या वयाला बहाल करताना सहा वर्षांखालील बालकांना मात्र मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणातच ठेवले, जेथे शासनाने प्रयत्न करावा एवढेच म्हटले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अकराव्या कलमानेही शासनाला पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था करण्याची मुभा दिली, सक्ती केली नाही. म्हणजे घटनाकारांनी ज्या बालकाला वगळले नव्हते, त्याला अर्ध्या शतकानंतर आपण, हक्क वाढवितो आहोत अशा समजुतीने, हक्काच्या बाहेर ठेवले. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये तीन ते आठ वर्षांचा एक पायाभूत टप्पा मानून ही चूक विचाराच्या पातळीवर दुरुस्त केली आहे. परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे, आणि धोरण मोडले म्हणून कोणा बालकाला न्यायालयाची पायरी चढता येत नाही.

बालशिक्षण ही पाश्चात्त्य उच्चभ्रूंची चैन आहे, अशी एक समजूत आपल्याकडील सुशिक्षितांतही आढळते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये आपले पहिले बालगृह उघडले ते सान लोरेन्झो या मजुरांच्या वस्तीत. आईबाप कामावर गेल्यानंतर मोकाट राहिलेली पोरे नव्याने डागडुजी केलेल्या चाळींच्या भिंती खराब करतात, अशी इमारतीच्या मालकांची तक्रार होती, आणि त्या पोरांना कोठेतरी गुंतवून ठेवावे या व्यवहारी हेतूने त्यांनी जागा दिली. ज्या पद्धतीचा जन्म झोपडपट्टीवजा वस्तीत झाला, तिचे नाव आज पश्चिम नागपुरातल्या महागड्या बालशाळांच्या फलकावर झळकावे आणि पूर्व नागपुरातल्या वस्तीत ते कोणाला ठाऊकही नसावे, हा दैवदुर्विलास म्हणावयाचा की आपली करणी, हे वाचकांनीच ठरवावे.

महाराष्ट्रात हा प्रवाह गरिबांच्या दारी परत नेण्याचे श्रेय ताराबाई मोडक यांचे. लग्नानंतर काही वर्षे त्यांचे वास्तव्य अमरावतीस होते, त्यामुळे वऱ्हाडाचा त्यांच्याशी थोडासा ऋणानुबंध आहे असे म्हणावयास आपल्याला जागा आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहवासात त्यांनी बालशिक्षणाची दीक्षा घेतली, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, आणि पुढे जवळजवळ दोन दशके हे कार्य मुख्यत्वे शहरी, पांढरपेशा कुटुंबांतील मुलांमध्ये चालले. हे शिक्षण ज्यांना सर्वांत अधिक हवे त्यांच्यापर्यंत ते पोहोचलेच नाही, ही टोचणी ताराबाईंना होती म्हणूनच १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी गेल्या, आणि तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गावाच्या मध्यभागी बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतील मुले तिकडे फिरकत नाहीत, असे त्यांना दिसले. यावर पालकांना दोष देऊन हात झटकणे सोपे होते. तसे अनेकांनी पूर्वी केले होते आणि आजही करतात. या दोघींनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालावी, नखे कापावीत, केस विंचरावेत, गाणी म्हणावीत, आणि परदेशी साधनांच्या किमती परवडत नाहीत म्हणून बिया, पाने, शंखशिंपले, खडे आणि बांबूच्या कांड्या यांनीच मोजणे, जुळवणे, लावणे शिकवावे, असा तो उपक्रम होता. आजच्या अंगणवाडीचा उगम या अंगणात आहे.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये, त्यांनी आणखी एक गोष्ट करून दाखविली, आणि माझ्या मते त्यांच्या समग्र कार्यातील ती सर्वांत मोलाची आहे. आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही याचे कारण तिला शिक्षणाची आवड नाही हे नसून तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे हे असते, हे त्यांनी ओळखले. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्यांनी विकासवाडीचा प्रयोग केला, ज्यायोगे मुलीने तान्ह्याला पाळण्यात, मधल्याला बालवाडीत ठेवावे आणि स्वतः वर्गात बसावे. ताराबाई १९७३ साली निवर्तल्या. अनुताई १९९२ मध्ये आपला अंत होईपर्यंत त्याच कार्यात राहिल्या. त्यांच्या या शोधाचा अर्धा भाग आपण उचलला, आणि अर्धा विसरलो.

नागपूरकरांना तर याबाबतीत इतके दूर पाहण्याचीही गरज नव्हती. वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम जन्माला आली तेव्हा तिचा विचार सात ते चौदा या वयापुरताच होता. पण १९४४ मध्ये तुरुंगातून सुटून आल्यावर गांधीजींनी तिचा विस्तार गर्भावस्थेपासून मृत्यूपर्यंतच्या संपूर्ण आयुष्यावर केला, आणि सेवाग्रामात पूर्वबुनियादी शिक्षणाचे काम सुरू झाले. त्याही अगोदर, १९२२ साली, एकेकाळी नागपूर-कामठी वाटेवर हमालीची ओझी वाहणाऱ्या जाईबाई चौधरी यांनी याच शहरात संत चोखामेळ्याच्या नावाने दलित मुलींची शाळा काढली होती. ती बालशाळा नव्हती. पण शिक्षण वस्तीपर्यंत चालत गेले पाहिजे, वस्तीने शिक्षणापर्यंत नव्हे, हा धडा नागपूरला इतका जुना आहे, एवढे सांगण्यासाठी हा उल्लेख.

भारत सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी तेहेतीस प्रकल्पांनिशी सुरू झाली. महाराष्ट्रात मुंबईची धारावी आणि मेळघाटातील धारणी ही तिची आरंभीची क्षेत्रे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्य यांचे शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण, अशा सहा सेवा तिच्यात अंतर्भूत होत्या. आज महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या प्रकरणात १३ डिसेंबर २००६ रोजी दिलेल्या हुकुमाने प्रत्येक वस्तीला अंगणवाडी मिळण्याचा मार्ग मोकळा केला, आणि ही योजना गरिबांवरील मेहेरबानी राहिली नाही. एवढा मोठा पसारा जगात फार थोड्या देशांत असेल. म्हणून अंगणवाडीवर टीका करताना तिच्या अस्तित्वाचे मोल कमी लेखता कामा नये. जे नाही ते मागण्यापेक्षा जे आहे ते पुरते करून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

परंतु त्या सहा सेवांपैकी शिक्षणाची सेवा कशी आक्रसत गेली, हे नागपुरातल्या कोणत्याही नागरी वस्तीतल्या अंगणवाडीत सकाळचे दोन तास बसून पाहिल्यास समजते. समाजमंदिराचा कोपरा, विहाराचे आवार किंवा भाड्याची एक पत्र्याची खोली. एप्रिल-मेमध्ये त्या पत्र्याखाली काय होत असेल, हे ज्याने नागपूरचा उन्हाळा काढला आहे त्याला सांगावे लागत नाही. एक सेविका, एक मदतनीस. मुलांची वजने-उंच्या घ्यावयाच्या, गरोदर आणि स्तनदा मातांच्या भेटी घ्यावयाच्या, लसीकरणाच्या दिवशी माणसे गोळा करावयाची, घरपोच आहाराची पाकिटे वाटावयाची आणि ती वाटताना लाभार्थ्याचा चेहरा मोबाइलवर ओळखला जाईपर्यंत तिष्ठत बसावयाचे, पोषण ट्रॅकरवर दिवसाची माहिती भरावयाची, आणि याशिवाय कोणाचे सर्वेक्षण निघाले, निवडणूक आली, की तेथेही तिचीच हजेरी. या सर्वांची तपासणी होते, त्यात कसूर झाली तर नोटीस निघते; मुलांना आज कोणती गोष्ट सांगितली, हे मात्र कोणी विचारीत नाही. मनुष्यस्वभाव असा की, ज्याचा हिशेब मागितला जातो तेवढेच काम होते. त्यातून जी अर्धा-पाऊण तासाची सवड उरेल तिच्यात गाणी आणि मुळाक्षरांचे तक्ते उरकून घेतले जातात, आणि त्यासही आपण शिक्षण म्हणतो.

आहाराला मी कमी लेखतो असे कोणी समजू नये. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील १०० पैकी ३५ बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. अशा राज्यात खिचडी आणि उसळ यांना नावे ठेवणे हा करंटेपणा होईल. माझा आक्षेप आहाराला नाही, आहार दिला म्हणजे शिक्षणाची जबाबदारी फिटली या समजुतीला आहे.

ज्या बाईवर आपण हे सारे सोपविले आहे, तिच्यासाठी केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१८ पासून दरमहा ४,५०० रुपये आणि मदतनिसासाठी २,२५० रुपये एवढे मानधन ठरविले. राज्य शासन त्यात आपली भर घालते आणि ती भर अलीकडे वाढलीही आहे, पण दर वाढीमागे संप आणि मोर्चा यांचा इतिहास आहे. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील सेविकांनी पुकारलेला संप जानेवारीत जाऊन मिटला. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत गुलाबी साड्यांचा तो मोर्चा विधानभवनाच्या दिशेने येऊन अडविला जातो, हे दृश्य नागपूरकरांच्या इतके परिचयाचे झाले आहे की, रहदारी खोळंबल्याची कुरकुर करण्यापलीकडे आपण त्याचा विचार करीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये या स्त्रियांना उपदानाचा हक्क आहे असा निर्णय दिला; तोपर्यंत त्या कर्मचारी आहेत की स्वयंसेविका, याचाच खल चालला होता. देशातील सर्वांत कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्यांची शिक्षिका ही शासनाच्या लेखी शिक्षिका नाही, एवढे एकच वाक्य या विषयावरील आपल्या अनास्थेची साक्ष देण्यास पुरेसे आहे.

आता आईकडे वळू. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली तेव्हापासून शंभर वर्षांहून अधिक काळ नागपूर हे गिरण्यांचे शहर होते, आणि गिरणीच्या युगाने कामकरी स्त्रीसाठी आणखी काही केले असो वा नसो, तिचे मूल हा मालकाच्या जबाबदारीचा विषय आहे एवढे कायद्यात लिहून घेतले. १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार विशिष्ट संख्येहून अधिक स्त्रिया कामास असतील तेथे पाळणाघर हवे होते. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानुसार पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे हवे होते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूतिलाभ कायद्यानेही पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत ते बंधनकारक केले. या सर्व तरतुदींत एक गृहीत आहे: स्त्रिया एका छपराखाली मोजता येतात. गिरण्या गेल्या. टिमकी-गोळीबार चौकातील मागांचा खडखडाट विरळ झाला. आज नागपूरच्या वस्त्यांतील स्त्री पाच घरची धुणीभांडी करते, ठिय्यावर उभी राहून रोजच्या रोज वेगळ्या मुकादमाबरोबर जाते, घरी बसून विड्या वळते किंवा भंगार वेचते. ती कोणत्याही छपराखाली पन्नासांत मोजली जात नाही, सबब तिच्या मुलासाठी कोणताही मालक पाळणा बांधण्यास बांधील नाही. २०११ च्या शिरगणतीत २४ लाखांच्या या शहरातील एक-तृतीयांशाहून अधिक लोक झोपडपट्ट्यांत राहतात असे आढळले होते. यावरून अशा मातांची संख्या किती असेल याचा अदमास वाचकांनी करावा.

अशा आईला अंगणवाडी सकाळी उघडते आणि दुपारी मिटते, याचा उपयोग काय? तिचे काम सकाळी सातला सुरू होऊन संध्याकाळपर्यंत चालते. मधल्या वेळात मुलाला आणावयास तिने यावे कसे? मग त्या मुलाला नेण्या-आणण्याचे आणि दुपारभर सांभाळण्याचे काम थोरल्या मुलीकडे येते, आणि तिची शाळा आठवड्यातून दोन दिवस, मग चार दिवस, मग सहाही दिवस बुडते. शिक्षक चौकशीस गेले की उत्तर ठरलेले असते: "लहान पोट्ट्याले कोन पाह्यल, गुरुजी?" कोसबाडला या प्रश्नाचे उत्तर सापडून पाऊण शतक लोटत आले, तरी नागपुरात तो प्रश्न तसाच उभा आहे.

या सर्वाचा परिणाम असा की, वस्तीतली शहाणी आई अंगणवाडीवरचा विश्वास गमावून बसते. मूल चार वर्षांचे झाले की ती त्यास जवळच्या 'कॉन्व्हेंट'मध्ये घालते. विदर्भात दोन खोल्यांच्या घरात भरणाऱ्या इंग्रजी केजी-वर्गांनाही हेच भारदस्त नाव आहे. टाय, बूट, डबा, रिक्षा आणि दरमहाची फी हा खर्च ती धुण्याभांड्यांचे आणखी एक घर धरून भागविते. तेथे मुलास काय मिळते? जी भाषा घरी कोणी बोलत नाही तिच्यातील मुळाक्षरे, ओळीत बसून ती गिरविण्याची सक्ती, आणि गृहपाठ. छत्तीसगडहून मजुरीस आलेल्या कुटुंबातील मूल घरी छत्तीसगढी बोलते, गल्लीत हिंदी, शेजारी नागपुरी मराठी. त्याच्यावर चौथी भाषा लादून त्याचे तोंड बंद करणे म्हणजे शिक्षण, असे या वर्गांनी आपल्याला पटविले आहे. मी त्या आईला दोष देत नाही. तिने शिक्षणाची किंमत ओळखली आहे आणि ती मोजण्यास ती तयार आहे. तिला योग्य वस्तू मिळत नाही, हा अपराध आपला आहे.

आता कोणी विचारील की, याचा लाभ खरोखर होतो याला प्रमाण काय? अमेरिकेतील यप्सिलँटी या गावी १९६२ ते ६७ मध्ये झालेल्या पेरी बालशाळेच्या प्रयोगाचा दाखला या विषयावरील प्रत्येक व्याख्यानात दिला जातो, आणि नोबेल पारितोषिकप्राप्त अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी त्याच्या आधारे बालशिक्षणावरील खर्चाचा परतावा मांडून दाखविला आहे. पण अवघ्या अठ्ठावन्न मुलांवरून आपल्या देशाचे धोरण ठरवावे इतका त्याचा मुलाहिजा राखण्याची मला गरज वाटत नाही. त्यापेक्षा जमैकातील किंग्स्टनचा दाखला आपल्या परिस्थितीला अधिक जवळचा आहे. तेथे वाढ खुंटलेल्या गरीब बालकांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्यास तासभर जात, आणि मुलाशी कसे बोलावे, कसे खेळावे, हे आईला दाखवीत. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा ती मुले तशाच इतर मुलांपेक्षा सुमारे पंचवीस टक्के अधिक मिळवीत होती. आणि सर्वांत मोलाचा दाखला तमिळनाडूतला, कारण तो अंगणवाडीचाच आहे. तेथे काही अंगणवाड्यांत केवळ शिकविण्यासाठी अर्ध्या दिवसाची एक जादा सेविका देण्यात आली. शिक्षणास मिळणारा वेळ दुप्पट झाला, मुलांचे भाषा व गणित सुधारले, हे अपेक्षितच होते. पण मूळ सेविकेला पोषणाच्या कामास सवड मिळाल्यामुळे तीव्र कुपोषणही घटले. शिक्षण की आहार, असा जो वाद आपण घालतो, तो हात अपुरे असल्यामुळे निर्माण झालेला वाद आहे, हे यावरून सिद्ध होते.

विरुद्ध पुरावाही लपविण्याचे कारण नाही. अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यात शासकीय बालवर्गांत गेलेली गरीब मुले सहावीपर्यंत पोहोचली तेव्हा, न गेलेल्या मुलांपेक्षा मागे पडलेली आढळली. बालवर्ग उघडला म्हणजे भले होतेच असे नाही; तेथे मुलांना दिवसभर गप्प बसविले, दटावले, मोठ्यांचे पाठ लहानांना घोकविले, तर तो वर्ग नसता तर बरे, अशी पाळी येते. आपल्या गल्लोगल्लीच्या कॉन्व्हेंटांना हा इशारा जितका लागू आहे तितकाच, उद्या उत्साहाच्या भरात अंगणवाडीला शाळेचे रूप देऊ पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनाही आहे. केंद्राने 'आधारशिला' आणि राज्याने 'आकार' हे अभ्यासक्रम खेळावर आधारलेले तयार केले आहेत. कागदावर ते चांगले आहेत. ते राबविणारी बाई मात्र रजिस्टरातून मोकळी झाली पाहिजे.

मग नागपूरने करावे काय? येथे पहिली अडचण दप्तराची आहे. शहरातील शाळा महानगरपालिकेच्या, अंगणवाड्या राज्याच्या महिला व बालविकास खात्याच्या, त्यांचे आयुक्तालय नवी मुंबईत. त्यामुळे एकाच गल्लीतल्या तीन आणि सात वर्षांच्या भावंडांचे दोन निरनिराळे धनी आहेत, आणि दोघांचा एकमेकांशी पत्रव्यवहारापलीकडे संबंध नाही. दुसरीकडे, पटसंख्या घटल्यामुळे बंद पडलेल्या महापालिकेच्या शाळांच्या पक्क्या इमारती, अंगणे आणि नळ असलेल्या, कुलपे लावून पडल्या आहेत, तर अंगणवाड्या पत्र्याखाली भाडे भरीत आहेत. या इमारती अंगणवाड्यांना देण्यास नवा कायदा नको, मोठा निधी नको. दोन खात्यांच्या दोन सह्या पुरे आहेत. त्या सह्या करण्यात जी दिरंगाई होते तिला कोणतेही तात्त्विक कारण नाही.

खर्चाचा प्रश्न येतो तो दुसऱ्या सेविकेचा आणि लांबलेल्या वेळेचा. प्रत्येक अंगणवाडी संध्याकाळपर्यंत चालवावी अशी मागणी मी करणार नाही, कारण ती मंजूर होणार नाही आणि झाली तरी अंमलबजावणीत बुडेल. पण भांडेवाडी, कळमना, वाठोडा, यशोधरानगर, इंदोरा, पांढराबोडी अशा, आया दिवसभर बाहेर असणाऱ्या वस्त्यांत, शाळेच्या आवारातच संध्याकाळी सहापर्यंत चालणारी, तान्ह्यांसाठी पाळणाघर असलेली आणि केवळ शिकविण्याचेच काम असलेली स्वतंत्र सेविका नेमलेली काही केंद्रे महापालिकेने आपल्या अंदाजपत्रकातून, राज्याच्या सहकार्याने, येत्या जूनपासून उघडावीत. केंद्राची पाळणा योजना त्यासाठी उपलब्ध आहे. उड्डाणपुलांच्या आणि सुशोभीकरणाच्या खर्चापुढे हा आकडा किरकोळ ठरेल, याविषयी ज्याला शंका असेल त्याने अंदाजपत्रकाची पाने स्वतः उलटून पाहावीत.

मुलाने सहा वर्षांपर्यंत आईजवळच असावे, असे म्हणणारे सद्गृहस्थ पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे भावनेला पटणारे आहे. परंतु त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी, हे वाक्य उच्चारले जात असतानाच, मोरीत भांडी घासली जात असतात, आणि ती घासणाऱ्या बाईचे मूल त्या वेळी आईजवळ नसते. ते कोठे आहे, कोणापाशी आहे, त्याची अंगणवाडी किती वाजता मिटते आणि त्यानंतर त्याला कोण सांभाळते, एवढी विचारपूस प्रत्येक वाचकाने उद्या आपल्या घरी कामास येणाऱ्या बाईजवळ करावी, आणि जे उत्तर मिळेल ते आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला लेखी कळवावे, ही विनंती.